प्रबंधातली मुलगी

लेकीच्या पीएचडीला विद्यापीठाचा सर्वोत्कृष्ट प्रबंधाचा पुरस्कार मिळाला आणि तात्यांना आभाळ ठेंगणं झालं. विषय मुलांच्या मनातल्या भीतीचा होता म्हणे. ते जाडजूड बाड वाचायच्या भानगडीत तात्या पडले नव्हते. पण "शेवटी रक्त कुणाचं!" असं भेटेल त्याला ऐकवत, हातात घरच्या किल्ल्यांचा जुडगा आवळून, ते मुलासोबत पहिल्या रांगेत येऊन बसले होते.

"या प्रबंधातली एक मुलगी काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाही," मंचावरून अध्यक्षबाई सांगत होत्या. "संध्याकाळी बापाची किल्ली कुलपात वाजली, की ती धाकट्या भावाला कपाटात लपवायची आणि स्वतः मार खायला कपाटापुढे उभी राहायची."

"बाप म्हणायचा की कसाई!" तात्या शेजारी बसलेल्या मुलाच्या कानाशी पुटपुटले.

तेवढ्यात लेकीचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या वाजवायला हात मोकळे हवेत, म्हणून तात्यांनी जुडगा खिशात टाकला.



किल्ल्या खुळखुळल्या, आणि शेजारचा तिशीतला मुलगा अंग चोरून, श्वास रोखून बसलेला त्यांना दिसला.