धुराचं तोंड

"बंद कर आधी ते! बंद कर!"

फिटर ओरडतच फाटकातून आत आला. मागच्या व्हरांड्यात, स्वयंपाकघराच्या दाराला खेटून, भाड्याचा जनरेटर धडधडत होता. बायको ओल्या हातांनी धावत आली.

"बंद कसा करू? आईंचं ऑक्सिजनचं मशीन त्याच्यावरच चाललंय ना!"

"मग हलवायचा. आत्ताच. पलीकडच्या गल्लीत जनरेटर घरात लावून झोपले, अख्खं घर गेलं. आत्ता येताना मी स्वतः त्यांना उचलून बाहेर आणलंय." त्याचा आवाज फाटला. "धुरातल्या त्या विषारी वायूला वास नसतो, काही नसतं. माणूस झोपतो तो झोपतोच. आपल्या घरात मी हे होऊ देणार नाही, सांगून ठेवतो."

वादळ गेलं ते वीज घेऊनच गेलं होतं. तेव्हापासून हा गडी पाण्याच्या पंपावर अडकलेला. आज कुठे घरी आला होता.

"बाबा कुठायत? त्यांना कळू नये?"

"रात्रभर पहारा देत बसले होते, कोणी जनरेटर पळवेल म्हणून. मी उठले तर जागेवर नाहीत. पाण्याच्या रांगेत असतील, नाहीतर कुठे गप्पा छाटत."

"रिटायर झाले तरी रखवालदारी काही सुटत नाही," फिटर पुटपुटला.

त्याने आईला तेवढ्यापुरतं सिलिंडरवर घेतलं आणि दोघांनी जनरेटर ओढत ओढत कुंपणाच्या भिंतीपर्यंत नेला. अंगणात तेवढीच जागा घरापासून लांब होती. भिंतीपलीकडे हाताच्या अंतरावर शेजाऱ्यांची खिडकी. ते वादळाआधीच लेकीकडे गेले होते, घर बाबांच्या भरवशावर टाकून. पुढच्या दाराला कुलूप, खिडकीची काच फुटलेली, पडदा आत लोंबत होता.

"अहो, धूर त्यांच्या घरात जाईल की."

"जाऊ दे. फार तर उंदीर मरतील. आपल्यापासून लांब गेला, झालं."

त्याने धुराचं तोंड तिकडे वळवलं आणि दोरी ओढली. मशीन पुन्हा सुरू झालं.

आत आई उठून बसली होती. मास्कमागून काहीतरी बोलत तिने खिडकीकडे बोट केलं.

"हो हो, लावतो." फिटरने त्या बाजूच्या सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या, दुसऱ्या बाजूच्या उघडल्या. आईने जोरजोरात मान हलवली, मास्कला हात घातला. त्याने तो हात धरला. "काढायचा नाही. बोललीस की दम लागतो. गप्प पडून राहा बघू."

आई चिडली. तोंड फिरवून पडून राहिली.

जेवणं झाली. फिटर आईच्या उशाशीच भिंतीला टेकून बसला. पुन्हा पुन्हा उठून तो तिची नखं निळी पडलीत का बघे, बायकोला विचारी, "डोकं दुखतंय? मळमळतंय?" ती वैतागली. "काही होत नाहीये मला! तुम्ही जरा झोपा." ऊन कलायला लागलं तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. घरातली सगळी धडधाकट होती.

"बाबांचं ताट तसंच आहे हो," बायको म्हणाली. "इतका वेळ कसली रांग?"

आईने मास्क ओरबाडून काढला.

"गाढवा, मघापासून तेच सांगतेय! रांगेत कुठले? इथं आवाजानं डोळ्याला डोळा लागेना, म्हणून सकाळीच मागच्या दारानं शेजारी जाऊन झोपलेत, कानात बोळे घालून." तिला धाप लागली. "तुझं ते यंत्र त्या खिडकीपासून हलव आधी. झोपमोड होईल त्यांची."