भांडण दावणीवरचं
सुजलेल्या पापणीवर जेल लावून डॉक्टर योगिनीनं सोनोग्राफीचा प्रोब हळूच टेकवला. जोडीदाराचं शिंग लागल्यापासून बैलाचा डावा डोळा उघडतच नव्हता. पेठहून त्याला नाशिकला घेऊन आलेला झिपरू स्क्रीनकडे बघून हरखला. "ताई, आत उजेड हाय की! पांढरं लुकलुकतंय!" योगिनीनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "दादा, धड डोळा यंत्रावर काळाच दिसतो. हे पांढरं म्हणजे रक्त. मागचा पडदाही सुटलाय. ह्या डोळ्यानं आता नाही दिसणार." अधू बैलाला बाजार दाखवतात, हे तिलाही ठाऊक होतं. झिपरू बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिला. "ह्यो डावीकडं चालायचा. आता उजवीकडं जुंपीन, म्हंजी आंधळी बाजू जोडीदाराकडं राहील." "ज्यानं शिंग मारलं, त्याच्याच भरवशावर?" तिला राहवलं नाही. तो म्हणाला, "ताई, भांडण दावणीवरचं. जुवाखाली त्यानं ह्याला कधी पडू दिलं नाय."