आवाजाची फाईल

"मॅडम, लॅपटॉप आज हे नाव मागून राहिला." नत्थुजींनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली.

"बसा काका, पाहते," सीमा म्हणाली.

मॅडम आणि काका! सख्खा बाप अन् सख्खी लेक, बाप्पा! चार वर्षांपूर्वी सीमानं आपल्या पसंतीनं लग्न केलं आणि तेल्हाऱ्याचं घर तिला बंद झालं. अकोल्यात तिनं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. बापानं तिचं नावच टाकलं होतं. मग यंदा गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, झेंडू विकायला बाजारात आलेला बाप गिऱ्हाईक होऊन दारात उभा राहिला.

सीमाचा जुना लॅपटॉप घरी पडून होता. गावातल्या अमोल मास्तरांनी दिलेल्या पेनड्राइव्हवरून नत्थुजींनी त्यात लिनक्स ही फुकटातली सिस्टीम टाकली. साठीच्या वयात, पुस्तकातली चित्रं पाहून पाहून! मळ्यातल्या घरी नेट नाही. बाकी सगळं सुरू झालं, आवाज तेवढा निघेना.

"पांढऱ्या अक्षरात ही एवढी यादी येते. काय काय पाहिजे म्हणते. मले इंग्रजी काय समजते! गोदाबाईले भजनं आयकाची हायेत," एवढंच ते त्या दिवशी बोलले. गोदाबाई म्हणजे सीमाची माय. यादीतलं एक नाव चित्र काढावं तसं चिठ्ठीवर उतरवून आणलं होतं.

सीमा नेटवरून त्या यादीतल्या सगळ्या फायली एकदमच देऊ शकत होती. तिनं एकच दिली. आवाज सुरू झाला की बाप कशाला येते इकडे?

तेव्हापासून दर गुरुवारी एक चिठ्ठी, एक फाईल. कूलरच्या वाळ्याचा ओला वास आणि बापाच्या दुपट्ट्याचा झेंडूचा वास दुकानात मिसळून जायचा. सीमाचे डोळे जड व्हायचे. आपण लहान आहोत, मळ्याच्या धुऱ्यावर, बांधावर बसलोय आणि माय फुलं तोडतेय, असं वाटत राहायचं. दोन सेकंदांत उतरणाऱ्या फाईलला ती अर्धा तास लावायची. नत्थुजीही 'कावून उशीर' म्हणून कधी विचारत नसत. कूलरसमोर बसून राहत.

त्यांच्या चिठ्ठ्या रोज फाडायच्या कॅलेंडरच्या पानांमागे लिहिलेल्या असत. वैशाख सरत आला तरी पानं फाल्गुनातलीच. कागद वाया घालवायचा नाही, ही बापाची जुनी खोड. सीमा त्या सगळ्या ड्रॉवरमध्ये जपून ठेवायची.

आज नववा गुरुवार. बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. पाणी पिता पिता नत्थुजींनी अर्धा गिलास सदऱ्यावर सांडवला. सीमाला स्वतःचीच लाज वाटली. आपल्या लोभापायी बापाले उन्हातान्हात खेटे मारायला लावून राहिलो आपण!

तिनं सगळ्या फायली पेनड्राइव्हमध्ये भरल्या.

"काका, यात सगळं आहे. आज नक्की आवाज येईल. आता..." तिनं पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला. "आता यायची गरज नाही तुम्हाला."

"सगळंच देल्लं?" नत्थुजी गडबडले. "एकदमच? अजून तं..."

त्यांनी डोळे पुसायला खिशातून दस्ती ओढली, पेनड्राइव्ह उचलला आणि मागं न पाहता ते पायरी उतरले. दस्तीबरोबर खिशातलं काहीतरी खाली पडलं होतं.

सीमानं उचललं. रबर लावलेली कॅलेंडरची पानं होती, सगळी फाल्गुनातली. पहिल्या पानामागे पुढच्या गुरुवारचं नाव. दुसऱ्यामागे त्यानंतरचं. तिनं न मागितलेली, बापानं अजून न दाखवलेली सगळी यादी, एका बैठकीत, एकाच पेनानं उतरवलेली.

सगळ्यात खालचं पान तेवढं पाडव्याचं होतं. त्यामागे इंग्रजी नव्हतं.

'सीमे, जावयाले घेऊन घरी ये. तुही माय वाट पाहून राहिली.'