चेन कुटुंबातली आई

“थांबा,” ग्रेसने हात वर केला. “हे पाठ केल्यासारखं वाटतंय.”

रोझ लिऊ थांबल्या. सत्तरीच्या, बारीक चणीच्या बाई. संवादांचा कागद त्यांनी मांडीवर ठेवला, पण खुर्चीवरून उठल्या नाहीत.

ग्रेस चेन मालिकेची दिग्दर्शिका. सिडनीतल्या एका चिनी कुटुंबाची ही गोष्ट, बरीचशी तिच्याच घरची. बाकीची पात्रं ठरली होती, आई तेवढी मिळत नव्हती. म्हणून सिडनीच्या ब्लॅकटाउन उपनगरातल्या या हॉलमध्ये सकाळपासून ऑडिशन चालू होत्या. नट निवडायचं काम नचिकेतकडे होतं.

नचिकेत पुण्याहून इथे युनीला, म्हणजे विद्यापीठात शिकायला आला आणि इथलाच झाला. सुरुवातीला एका मालिकेत त्याने टॅक्सीवाला केला होता. “जरा अजून इंडियन बोल ना, मेट,” म्हणत त्याच्याकडून वेडेवाकडे हेल काढून घेतले होते. ते पाहून आई फोनवर एवढंच म्हणाली होती, “तू असा कुठे बोलतोस रे?” त्या दिवशी त्याने मनाशी पक्कं केलं. आपल्या हातात असेल तिथे नकली माणूस उभा करायचा नाही. चिनी आई हवी तर ती शंभर टक्के चिनीच हवी.

“थँक यू, मिसेस लिऊ,” तो म्हणाला. “पण या आईच्या तोंडात चिनी भाषा सहज यायला हवी. तुमची...”

“मला चिनी येतच नाही,” रोझबाई इंग्रजीत शांतपणे म्हणाल्या. “आई मी लहान असतानाच गेली. तिची भाषा तिच्याबरोबर गेली. वडील दातांचे डॉक्टर, घरी आले की गप्प. लग्न होऊन इथे येईपर्यंत मी शेजारच्यांच्याच घरात वाढले. हे संवाद मी इथल्या चिनी शेजारणीकडून घोकून घेतले.”

“मग आलात कशाला?” ग्रेस वैतागली.

“आयुष्यभर पडद्यावर आमच्यासारखे चेहरे बघतेय. नूडल्स वाढणारे, नाहीतर सुरा काढणारे. मुलाची वाट बघणारी आई पहिल्यांदाच वाचली. ती मला करायचीच आहे, मिस्टर नचिकेत.”

इथे सगळे त्याला निक म्हणायचे. बाईंनी बॅजवरचं नाव नीट वाचलं असणार.

ग्रेसने पुढच्या उमेदवाराचा फोटो उचलला. नचिकेतनेही दाराकडे हात केला, पण बाई जागच्या हलल्या नाहीत.

“एकदा अजून बघा,” त्या म्हणाल्या. “एकदाच. मग जाते.”

त्या आवाजात विनवणी नव्हती. नचिकेतचा हात खाली आला.

“ठीक आहे. कागद बाजूला ठेवा,” तो म्हणाला. “प्रसंग तोच. घर सोडून गेलेला मुलगा कित्येक वर्षांनी दारात उभा आहे. तुम्ही तुमच्या पोरांवर ज्या भाषेत ओरडायचात, त्या भाषेत बोला.”

“निक, हिला चिनी येत नाही,” ग्रेस म्हणाली.

“मग इंग्रजीत ओरडू दे. मला आई बघायचीय.”

रोझबाईंनी क्षणभर त्याच्याकडे रोखून पाहिलं. “इंग्रजीत मला रागावता येत नाही. आणि माझी भाषा इथे कुणाला कळेल की नाही, ठाऊक नाही.”

“नो वरीज,” नचिकेत म्हणाला आणि मुलगा म्हणून दारात जाऊन उभा राहिला.

बाई उठल्या. चालत त्याच्यापर्यंत आल्या. एकटक बघत राहिल्या आणि बघता बघता त्यांची हनुवटी थरथरू लागली. ग्रेसच्या हातातला फोटो तसाच राहिला. मग रोझ लिऊंनी मूठ आवळून त्याची कॉलर धरली आणि खणखणीत पुणेरी मराठीत कडाडल्या, “मेल्या, आत्ता आठवण झाली होय रे आईची? उभा काय राहिलास पाहुण्यासारखा? हातपाय धू आणि बस पानावर, थालीपीठ लावते!”