चुरलेली बट्टी

आमच्या घरी वरण-बट्टी असली की सगळ्यांच्या ताटात बट्टी मी चुरतो. परवा जेवलेले सगळे उलट्या-जुलाबांनी आडवे झाले. मला मात्र काहीच नाही.

डॉक्टर म्हणाले, "नाना, काहींच्या पोटात विषाणू असतो, त्रास होत नाही. पण त्यांच्या हातून तो पसरतो."

धरणगावला मामाकडे गेल्यामुळे नात भूमिका तेवढी वाचली. तिची प्रकृती तोळामासा. ती आज येणार म्हणून मी खोलीला आतून कडी लावून बसलो आहे.

बंद दाराबाहेर सून मोहिनी हसली. "काय नाना, कडी लावता आणि पोरीला बट्टी चुरून देता?"

"मी बाहेर आलोच नाही गं." आलो होतो का?

तेवढ्यात स्वयंपाकघरातून भूमिका कोणाला तरी म्हणाली, "नाना, अजून एक घास दे ना."