वादकाचं खरं मत

"वादकाच्या तोंडाकडे बघू नकोस, पायाकडे बघ," गिटार घडवायला शिकवताना वडिलांनी लेकीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आज तिने घडवलेल्या पहिल्या दोन गिटारी वाजवून बघायला नावाजलेला वादक कारखान्यात आला होता. एकीचं त्याने तोंडभरून कौतुक केलं, पण बूट जमिनीला खिळलेले. दुसरी घेतली आणि कुरकुर सुरू झाली. "हिची मान जाड आहे. रंगही फिका वाटतो." बोटं मात्र थांबेनात, आणि बुटाचं टोक ठेका धरून बसलं. तिने ओठ दाबून हसू गिळलं. कोपऱ्यातल्या बाकावर रंधा पुसत बसलेल्या वडिलांनी डोकं वर न करता सुनावलं, "मी कानीकपाळी ओरडत होतो, मान बारीक कर. ऐकेल तर शपथ." ती उत्तर देणार, एवढ्यात तिची नजर बाकाखाली गेली. वडिलांची झिजलेली चप्पल तोच ठेका देत होती.