निरोगी माणूस

सूतगिरणीच्या दवाखान्यात जुन्या कामगाराने जोर लावून नळीत फुंकलं आणि खुर्चीत टेकला.

“रिपोर्ट अगदी नॉर्मल आहे, काका,” तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. “तुमच्या वयाच्या, तुमच्या उंचीच्या निरोगी माणसाचा श्वास असतो, तेवढाच तुमचा आहे.”

“मग एक मजला चढलो की धाप का लागते? आणि हा निरोगी माणूस कोण हो?”

बाईंनी भिंतीवरचा तक्ता पाहिला. “परका नाही कुणी. आपल्याच गिरणीतल्या चारशे जणांची सरासरी आहे. रोज कामावर येणारे सगळे निरोगी धरलेत.”

काकांनी शांतपणे मान डोलावली.

“मग बरोबर आहे. गिरणीच्या जिन्यात मध्येच एक बाकडं टाकलंय. सकाळी तिथं बसायला नंबर लावावा लागतो.”